दाबून ठेवलेला क्लच

१

"वॉरिक झँकरच्या हातून गेलेलं काम परत येत नाही," असं आमच्या वूरीनुक गावात म्हणतात. खरं सांगायचं तर हे पहिल्यांदा वॉरिकच म्हणाला, आणि चाळीस वर्षं तेच तेच ऐकून आम्हीही म्हणायला लागलो. जुन्या ट्रॅक्टरांचे क्लच आणि गियरबॉक्स हे त्याचं काम. नवीन मशीनकडे तो ढुंकूनही बघत नाही. कुणाच्या आजोबांचा ट्रॅक्टर गवताच्या गंजीमागून निघाला, की ट्रेलरवर चढून तो वॉरिकच्या दारात येणार हे ठरलेलं.

त्या मंगळवारी सकाळी आठला त्याने नेहमीसारखं शेडचं कुलूप काढलं, पत्र्याचं दार सरकवलं, चुलीत दोन लाकडं सारली आणि किटली ठेवली. ऑगस्ट महिना, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, बाहेर गवतावर दहिवर गोठलेलं. शेडच्या मधोमध सिरिल क्लाइनिगचा एकोणीसशे एकोणपन्नास सालचा करडा ट्रॅक्टर दोन तुकडे होऊन उभा होता. क्लचला हात घालायचा तर या ट्रॅक्टरांचे कमरेतून दोन भाग करावेच लागतात. इंजिन आणि पुढची चाकं दाराकडे. गियरबॉक्स, पेडलं, सीट आणि मागची मोठी चाकं भिंतीकडे. मध्ये एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा. क्लचची प्लेट निघून कामाच्या बाकावर पडली होती.

कप हातात घेऊन तो मागच्या भागाजवळ आला आणि थबकला.

क्लचचं पेडल दाबलेलं होतं. हातभर लांबीची एक काठी, खालचं टोक पेडलवर, वरचं टोक सीटच्या पुढच्या कडेखाली पक्कं ठोकून बसवलेलं.

ही काठी आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ट्रॅक्टर हिवाळाभर उभा राहिला की क्लचची प्लेट गंजते आणि फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या जड चाकाला, घट्ट चिकटते. म्हणून जूनमध्ये ट्रॅक्टर शेडमध्ये घातला की पेडल दाबून काठी लावायची, आणि सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला काढायची. म्हणजे प्लेट मोकळी राहते. पण इथे प्लेट बाकावर होती आणि फ्लायव्हील पाच हात लांब. त्या पेडलने दाबायला समोर काही नव्हतंच.

"हा कसला गाढवपणा?" वॉरिक मोठ्याने म्हणाला. त्याने हाताच्या तळव्याने काठी ठोकून काढली. पेडल आपल्या छोट्या स्प्रिंगने कुरकुरत वर आलं.

२

दहाच्या चहाला डार्सी हेनेसी आला. धान्याच्या कोठारावरून निवृत्त झाल्यापासून डार्सीला एकच नोकरी आहे, ती म्हणजे दहा वाजता वॉरिककडे चहा पिणं. खोड्या काढण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. एकदा त्याने वॉरिकच्या हत्यारपेटीत जिवंत सरडा सोडला होता, चांगला वीतभर लांब, निळ्या जिभेचा.

"ही तुझी करामत का रे?" वॉरिकने काठी त्याच्यासमोर आपटली.

डार्सीने काठी उलटून पालटून पाहिली. "कसली करामत? लाकूड आहे. चुलीत घाल."

"तूच लावलीस ती पेडलला."

"अर्ध्या ट्रॅक्टरला क्लचची काठी लावायला मी काय खुळा आहे? आणि शेडची किल्ली कुणाकडे असते, माझ्याकडे?" डार्सीने केकचा तुकडा चहात बुडवला. "वय झालं तुझं, वॉरिक. तूच लावली असशील सवयीने, आणि विसरलास."

वॉरिक हसला, पण त्याच्या मनात पाल चुकचुकली. डार्सी खोडी काढतो तेव्हा त्याचा डावा गाल उडतो, हे त्याला शाळेपासून माहीत होतं. आज गाल उडाला नव्हता.

"सिरिलची लॉर्ना चालवणार ना हा ट्रॅक्टर ऑक्टोबरमधल्या जुन्या ट्रॅक्टरांच्या मिरवणुकीत?" डार्सीने विचारलं.

"हो."

"शाबास तिची. माझ्या बायकोला चिरडणाऱ्या मशीनवर मी बसलो नसतो बुवा." मग त्याचं त्यालाच ते बरं वाटलं नाही, आणि तो कप धुवायला उठला. "सिरिलही म्हातारपणी गलथान झाला होता, काय म्हणा. गियरात असलेला ट्रॅक्टर समोरून हँडल मारून सुरू करतं का कुणी?"

वॉरिकने चुलीत आणखी एक लाकूड सारलं. गेल्या सप्टेंबरात सिरिल याच ट्रॅक्टरने चिरडून गेला, तेव्हापासून सगळं गाव हेच म्हणत होतं, आणि वॉरिक दर वेळी असाच गप्प राहत होता.

डार्सी गेल्यावर त्याने काठी खिडकीच्या उजेडात धरली. लाल निलगिरीचं लाकूड, कुंपणाच्या जुन्या खांबाचं. एका टोकाला पेडल बसावं म्हणून करवतीने कापलेली खाच. खाच जरा डावीकडे कलती. वॉरिकच्या करवतीचं पातं तसंच डावीकडे ओढतं, कित्येक वर्षं.

काठी त्याने स्वतःच कापली होती. त्याने ती चुलीत घातली आणि राख होईपर्यंत झाकण उघडं ठेवून बघत बसला.

३

आता वॉरिकच्या पोटात काय होतं ते सांगितलंच पाहिजे, कारण ते वर्षभर त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

सिरिलच्या ट्रॅक्टरला मुख्य गियरबॉक्सच्या पुढे आणखी एक छोटा गियरबॉक्स जोडलेला आहे, हाय-लो म्हणतात तो. दांडा पुढे केला की हाय, मागे केला की लो, मध्ये ठेवला की न्यूट्रल. लो मध्ये ट्रॅक्टर गोगलगायीसारखा सरकतो, पण त्या सरकण्यात अशी ताकद असते की वाटेत भिंत आली तर भिंत पडेल. सिरिलच्या हाताला संधिवात होता. मोठा दांडा ओढणं त्याला जड जाई, म्हणून तो मुख्य गियर कायम पहिल्यात ठेवायचा आणि न्यूट्रलचं काम या छोट्या दांड्यावर भागवायचा.

गेल्या वर्षी जूनमध्ये वॉरिकने त्या हाय-लोचं बेअरिंग बदललं. बसवताना गियर सरकवणारा काटा उलटा बसला. खुणा एक घर सरकल्या. दांडा मधल्या खुणेवर दिसायचा, आत मात्र लो लागलेला असायचा. ट्रॅक्टर पोचवून सिरिलच्या शेडमध्ये लावताना वॉरिकच्या हे लक्षात आलं. पुन्हा ट्रॅक्टर उघडायचा, दोन तुकडे करायचे, दोन दिवसांचं काम. आणि मुख्य म्हणजे, झँकरचं काम परत आलं असं गावभर झालं असतं.

"आतला एक भाग झिजलाय," तो सिरिलला म्हणाला. "मी मागवतो. तोवर मधल्या खुणेवर भरवसा ठेवू नकोस. सुरू करताना पेडलला काठी लावून ठेव, म्हणजे झालं." आणि तिथल्या तिथे आपल्या करवतीने खांबाचा तुकडा कापून त्याने काठी करून दिली.

सिरिल भला माणूस. "तू म्हणतोस तर तसं," म्हणाला. डाव्या पायाच्या करंगळीला त्याच्या कुरूप होतं, म्हणून त्या बुटाला त्याने चाकूने चीर पाडलेली असे. त्या बुटाने पेडल दाबून त्याने काठी लावून पाहिली आणि मान डोलावली.

भाग मागवायचाच नव्हता, तो कुठून येणार? जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरच्या एका सकाळी सिरिल आपल्या शेडमध्ये, ट्रॅक्टर आणि तिथल्या कामाच्या बाकाच्या मध्ये वाकून हँडल मारत होता. इंजिन लागलं आणि ट्रॅक्टर सावकाश पुढे सरकला. कोटाची कड हँडलमध्ये अडकली होती, त्याला बाजूला होता आलं नाही. बॅटरी कायम उतरलेली, म्हणून हँडल. मोतीबिंदू, म्हणून काठी नाही हे दिसलं नाही. अपघात, असं कागदावर आलं.

काठीचं काय झालं हे वॉरिकला कधी कळलंच नाही. विचारायची त्याची छाती झाली नाही. ट्रॅक्टर वर्षभर तसाच उभा राहिला, प्लेट गंजून चिकटली, आणि लॉर्नाचा फोन आला तेव्हा त्याला आधी भीती वाटली आणि मग बरंच वाटलं. क्लचच्या निमित्ताने हाय-लो उघडायचा, काटा सुलटा करायचा, झाकण लावायचं. दुसऱ्या कुणा मेकॅनिकने उघडण्याआधी. झाकली मूठ झाकलेलीच राहील.

बुधवारी सकाळी त्याने दार सरकवलं. काठी पेडलवर होती. तीच खाच, तोच कल. लाकडावर जळल्याची एकही खूण नव्हती, पण हातात घेतली तेव्हा ती कोमट लागली.

४

किल्ल्या दोनच. एक त्याच्या पट्ट्याला, दुसरी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर. दुपारी जेवताना त्याने नोरीनकडे पाहिलं. तेहतीस वर्षांचा संसार, आणि आज तो तिच्याकडे संशयाने बघत होता.

"शेडमध्ये गेली होतीस का?"

"तुझ्या त्या घाणीत? कशाला?" नोरीनने त्याच्या ताटलीत आणखी एक सॉसेज टाकलं. "झालंय काय तुला? दोन दिवस तोंडाला कुलूप घालून बसलायस."

"काही नाही."

"सिरिलचा ट्रॅक्टर आल्यापासून बघतेय मी. झोपेत बोलतोस."

त्याने हातातला घास परत ताटलीत ठेवला. "काय बोलतो?"

"कोण जाणे. गियर-बियर. मला काय कळतंय त्यातलं?" ती उठून सिंककडे गेली. तिची पाठ बघत वॉरिक विचार करत राहिला. हिला कळलं असेल. झोपेत सगळं ओकलो असेन आणि ही आता मला असं छळून कबूल करायला लावतेय. लगेच वाटलं, छे, नोरीन तोंडावर बोलणारी बाई आहे, काठ्या लावत फिरणारी नाही. पण एकदा संशय मनात शिरला की तो घरातलं माणूसही सोडत नाही.

फुटबॉलच्या मैदानावर रेषा मारायच्या चुन्याची अर्धी पिशवी शेडमध्ये पडून होती. संध्याकाळी निघताना त्याने मागच्या भागाभोवती सगळीकडे चुना भुरभुरला. पेडलखालच्या पाय ठेवायच्या पत्र्यावरही. काठी पुन्हा जाळली. आतून बाहेरून सगळं पाहून कुलूप लावलं, आणि या वेळी दोन्ही किल्ल्या उशाखाली घेऊन झोपला.

गुरुवारी सकाळी जमिनीवरचा चुना जसाच्या तसा होता. उंदराचं पाऊलसुद्धा नव्हतं. काठी मात्र जागेवर होती. आणि पेडलखालच्या पत्र्यावर, पांढऱ्या चुन्यात, एका बुटाची खूण होती. एकाच, डाव्या. करंगळीच्या जागी कडा तुटलेली.

वॉरिक खुर्चीवर बसला. विचार करायचा त्याने खूप प्रयत्न केला. छतावरून उतरलं असेल कुणी? छताला पत्रे, पत्र्यांना स्क्रू. जमिनीवर पाय न टेकता ट्रॅक्टरवर येणारा माणूस एका पत्र्यावर एकच पाय कसा ठेवेल? आणि सिरिलला त्याच बुटांत पुरलं होतं. दुसरे कुठलेच त्याला होत नसत, म्हणून लॉर्नाने चर्चमध्ये हट्ट धरून तेच घातले होते. शवपेटीच्या कोपऱ्याला वॉरिकचाही खांदा होता.

त्याने ओल्या फडक्याने ती खूण पुसली, पाण्याने धुतली, वर तेल लावलं. तेलाची बाटली त्याच्या हातून दोनदा पडली.

५

त्याच दुपारी लॉर्ना क्लाइनिग आली. सत्तरीची, सडपातळ, गुडघ्याने अधू, आणि हातात नेहमीचा डबा. त्यात नारळाचे केक.

"किती राहिलं?" तिने विचारलं.

"प्लेट नवी बसवतो. सोमवारपर्यंत जोडतो."

ती मागच्या भागापाशी गेली आणि सीटच्या पत्र्यावर हात ठेवून उभी राहिली. वॉरिक तिच्याकडे बारीक नजरेने बघत होता. खरं तर त्याच्या संशयितांमध्ये आता हीच उरली होती. काठी हिच्याकडे असणार, हिला सगळं कळलेलं असणार, म्हणून तर ट्रॅक्टर मुद्दाम माझ्याकडे पाठवला.

"वॉरिक, एक बोलायचंय," ती म्हणाली. "मुलांनाही सांगितलं नाही मी."

"बोल की."

"काठी मी काढली होती."

वॉरिकने पाना बाकावर ठेवला.

"एक सप्टेंबर होता. दर वर्षी एक सप्टेंबरला काठी मीच काढते, लग्न झाल्यापासून. सिरिल विसरतो म्हणून." ती शांतपणे बोलत होती, रडणं केव्हाच संपलेल्या माणसासारखं. "अंडी आणायला गेले होते, जाता जाता काढली. त्याला वाटलं काठी आहेच. त्या वर्षी ती नुसती हिवाळ्याची नव्हती ना, सुरू करतानाही लावून ठेवायचा तो. का ते मला नाही माहीत. त्याने एकदा सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नाही. माझ्या हाताने गेला रे तो."

इथे, बघा, वॉरिकला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य त्याच्या जिभेपर्यंत आलंही. पण चाळीस वर्षांचं नाव, आणि वर्षभराचं मौन, दोन्ही त्याच्या छातीवर बसली.

"असं मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. "होतं असं. त्यानेही बघायला हवं होतं."

त्याच क्षणी पेडलच्या बाजूने कुरकुर आवाज आला. गंजलेली छोटी स्प्रिंग ताणली जाते तसा. दोघांनी खाली पाहिलं. पेडलवर काठी नव्हती, काहीच नव्हतं. आणि पेडल खाली चाललं होतं, सावकाश, अगदी तळाला टेकेपर्यंत.

"काय वाजलं?" लॉर्नाने विचारलं. तिची नजर तितकी चांगली नाही.

"मॅगपाय पक्षी असेल छपरावर," वॉरिक म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज परका वाटला. मग घसा खाकरून त्याने विचारलं, "त्या काठीचं काय केलंस?"

"त्याच दिवशी चुलीत घातली. डोळ्यांसमोर नको होती." तिने डबा बाकावर ठेवला. "केक खा. नोरीनलाही दे."

ती गेली. तिची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत पेडल खालीच होतं.

६

शुक्रवारी आणि शनिवारी वॉरिकने दार सताड उघडं ठेवून काम केलं. डार्सीला जबरदस्तीने दुपारपर्यंत बसवून घेतलं. त्याच्या जुन्या गप्पा पहिल्यांदाच त्याला गोड वाटल्या. हाय-लोचं झाकण मात्र डार्सी घरी जेवायला गेला तेव्हाच उघडलं. काटा उलटाच होता. अर्थात उलटाच असणार, तरी त्याने मनात कुठेतरी आशा केली होती की तो सुलटा निघेल आणि सगळं खोटं ठरेल. त्याने काटा काढला, फिरवून बसवला, खुणा जुळवल्या. दांडा मध्ये, चाक मोकळं. दहा वेळा फिरवून पाहिलं.

सोमवारी दोन्ही भाग जोडले. क्लच लोण्यासारखा दबत होता. गुरुवारनंतर काठी पुन्हा दिसली नव्हती.

"पाहिजे होतं ते मिळालं तुला," तो रिकाम्या सीटकडे बघून पुटपुटला. "झालं नीट. आता जा बाबा." असं म्हटल्यावर त्याला हलकं वाटलं. मशीन दुरुस्त झालं की सगळंच दुरुस्त झालं, असा त्याचा जन्मभराचा हिशोब. लॉर्नाची आठवण यायची, नाही असं नाही. पण म्हातारी आहे, विसरेल, असं तो स्वतःला समजावत होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. रस्त्यात कुणी "काय वॉरिक" म्हटलं तरी तो दचकायचा.

७

आमच्या जुन्या ट्रॅक्टरांच्या क्लबात एक रीत आहे. ज्याने ट्रॅक्टर दुरुस्त केला, त्यानेच समोर उभं राहून पहिलं हँडल मारायचं. स्वतःच्या कामावर भरवसा असेल तर उभा राहा, एवढाच त्याचा अर्थ. वॉरिक आजवर बेधडक उभा राहत आला होता.

लॉर्नाने एक अट घातली. "जिथे बंद पडला तिथूनच सुरू होऊ दे."

म्हणून सप्टेंबरमधल्या एका स्वच्छ सकाळी, बाहेर शेतं पिवळीधमक झालेली असताना, ट्रॅक्टर ढकलत सिरिलच्या शेडमध्ये नेला. तोंड बाकाकडे. तोच बाक, पुढून लोखंडी पट्टी मारलेला. बाक आणि ट्रॅक्टरच्या मध्ये एक माणूस वाकून उभा राहील एवढंच अंतर. दारात नोरीन आणि डार्सी उभे होते, नोरीनच्या हातात चहाचा थर्मास.

"थोडा मागे घेऊ या का?" वॉरिकने विचारलं.

"का?" लॉर्ना म्हणाली. "काही बिघडलंय का अजून?"

"नाही, नाही."

"मग असू दे." ती सीटवर चढली. मोठा दांडा तिने पहिल्यात टाकला. "सिरिल असाच ठेवायचा. छोटा मध्ये. बरोबर ना?"

वॉरिकने मान डोलावली. नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. त्याने स्वतः मागचं चाक हलवून पाहिलं, मोकळं होतं. छोटा दांडा मधल्या खुणेवर होता. मग तो बाकाच्या आणि ट्रॅक्टरच्या मध्ये शिरला.

"मी क्लचला पाय लावत नाही हं," लॉर्ना वरून म्हणाली. "माझा डावा गुडघा दुमडत नाही."

"नकोच लावूस."

त्याने हँडल बसवलं, वाकला, एक श्वास घेतला आणि अर्धा फेरा मारला. थंड इंजिन, वर्षभर बंद. चार-पाच वेळा तरी मारावं लागेल असं त्याने धरलं होतं. पण ते अर्ध्या फेऱ्यातच लागलं, जणू सुरूच होतं. दारात डार्सीने टाळी वाजवली.

वाकलेल्या अवस्थेतच वॉरिकची नजर इंजिनच्या बाजूने मागे गेली. लॉर्नाचे दोन्ही तपकिरी बूट उजवीकडच्या पत्र्यावर जोडून ठेवलेले. डावीकडे क्लचचं पेडल तळाला गेलेलं होतं. त्यावर एक बूट होता. जुना, काळा, मातीने भरलेला. करंगळीपाशी चाकूने पाडलेली चीर, आणि चिरेतून डोकावणारा करडा मोजा. घोट्याच्या वर काय होतं ते इंजिनच्या आड होतं, आणि वॉरिकने मान वळवली नाही.

खट् असा आवाज झाला. हाय-लोचा दांडा मागे, लो वर गेला होता.

मग बुटाची टाच उचलायला लागली. घाई नाही. नवशिक्याला क्लच कसा सोडायचा ते दाखवावं तशी, बोटबोट करत. ट्रॅक्टरचं नाक पुढे आलं, इतकं हळू की सीटवर बसलेल्याला कळूही नये. वॉरिकने बाजूला सरायला पाय उचलला आणि त्याच्या कोटाची कड ताणली गेली. हँडलमध्ये अडकली होती.

"लॉर्ना!"

"काय?" तिने कानाला हात लावला. इंजिनचा आवाज शेडच्या पत्र्यात घुमत होता.

"बंद कर!"

"ऐकू येत नाही रे!"

बाकाची लोखंडी पट्टी त्याच्या कमरेला टेकली. समोरून गरम जाळी मांड्यांना लागली. टाच आणखी वर आली. आणि मग वॉरिक ओरडला, पण जे ओरडला ते बंद कर असं नव्हतं. वर्षभर घशात अडकलेलं तेच आधी बाहेर पडलं.

"तुझ्या हाताने नाही गेला तो! काटा मी उलटा बसवला होता! मला माहीत होतं, लॉर्ना! माहीत असून मी काठी देऊन गेलो!"

दारात नोरीनच्या हातातून थर्मास पडला.

या वेळी लॉर्नाला ऐकू आलं. तिचा चेहरा बदलला नाही, फक्त हात पुढे आला आणि तिने स्विच बंद केला. इंजिन दोन झटके देऊन थांबलं. शेडमध्ये इतकी शांतता झाली की बाहेरच्या कोंबड्या ऐकू येऊ लागल्या. ट्रॅक्टरची जाळी वॉरिकच्या पोटाला टेकलेली होती आणि पाठीला बाक. तो ना पुढे होऊ शकत होता ना मागे.

"थांबा, मी ढकलतो मागे," डार्सी पुढे धावला.

"कुणी हात लावू नका," लॉर्ना म्हणाली. सीटवरून ती वॉरिककडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आता बंद आहे. पुन्हा सांग. पहिल्यापासून."

वॉरिकने इंजिनच्या बाजूने खाली पाहिलं. बूट दिसत नव्हता. पण क्लचचं पेडल पुन्हा तळाशी दाबलेलं होतं, आणि तसंच धरून ठेवलेलं.

त्याने जूनपासून सुरुवात केली. बेअरिंगपासून. एकही शब्द गाळायची त्याची हिंमत झाली नाही.